आई पिशवीजवळ बसली होती

(आमच्या गटाच्या वार्षिक मेळाव्यात ‘मुलं, आपण आणि सुट्टीचा दिवस’ या सत्रात केलेलं भाषण. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे.)

सकाळपासून तुम्ही पोटगी, मारहाण, घराबाहेर काढलेल्या बायका, पोलीस ठाण्यातले अनुभव अशा विषयांवर बोलता आहात. जेवणानंतरच्या सत्रात मला विषय मिळाला तो लहान मुलांना घेऊन फिरायला जाण्याचा! मला फोन आला तेव्हा मीच म्हटलं, अगं, हा काय भाषणाचा विषय झाला? मुलांना बागेत न्यायचं, भेळ खायची, अंधार पडायच्या आत घरी यायचं. त्यात बाईच्या चळवळीनं बोलण्यासारखं काय आहे?

फोन ठेवला आणि मला माझ्या मुलीची एक वही आठवली. माळ्यावरून ती शोधून काढली. आज सोबत आणली आहे.

मुलगी तेव्हा तिसरीत होती. साल १९९१. आम्ही हडपसरला दोन खोल्यांत राहायचो. धाकटा दीड वर्षांचा होता. शाळेत बाईंनी निबंध दिला होता, ‘आमची सहल’. त्यात तिनं लिहिलंय, ते वाचते: ‘रविवारी आम्ही पेशवे पार्कला गेलो. बाबांनी आम्हाला फुलराणीत बसवले. आम्ही वाघ पाहिला. बाबांनी वाघाची माहिती सांगितली. आम्ही माकडे पाहिली. मग बाबांनी भेळ घेतली. छोटू रडला. आई पिशवीजवळ बसली होती. खूप मजा आली.’ खाली बाईंची लाल शाईतली बरोबरची खूण आणि ‘छान’ असा शेरा.

निबंध वाचून तेव्हा मी हसले होते. नवऱ्यालाही दाखवला होता. शेजारणीला दाखवला होता. सगळे म्हणाले, किती छान लिहिलंय. ‘आई पिशवीजवळ बसली होती’ या वाक्यात काही खटकण्यासारखं आहे असं कोणालाच वाटलं नाही. मलाही नाही. आणि मी तेव्हा गटाच्या कामाला सुरुवात केलेली होती बरं का! वस्तीत जाऊन बायकांना सांगत होते की घरकाम हेही काम आहे.

आता तो रविवार आठवून सांगते. पेशवे पार्क तेव्हा पुण्यातल्या मुलांचा स्वर्ग होता. १९५६ साली सुरू झालेली फुलराणी तिथंच, आणि प्राणीही तिथंच. ते पुढे १९९९ च्या सुमाराला कात्रजला हलवले. हडपसरहून बसनं स्वारगेटला यायचं आणि पुढे चालत. मुलांच्या अंगात शनिवारपासूनच संचारलेलं असायचं.

मी पहाटे पाचला उठले. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी. धाकट्यासाठी मऊ भात वेगळा, कारण त्याला पुरी चावायची नाही. सासूबाई घरी राहणार म्हणून त्यांचा स्वयंपाक झाकून ठेवला. पाणी उकळून गार केलं. दोन्ही मुलांच्या अंघोळी, वेण्या, बूट. मग पिशवी. ती वायरची पिशवी आठवते का? हिरव्या-पांढऱ्या वायरची, आपणच विणलेली. तिच्यात डबे, पाण्याच्या दोन बाटल्या, वाटी-चमचा, चार लंगोट, दोन चड्ड्या, एक जास्तीचा फ्रॉक, दुपटं, ओलं फडकं, कोरडं फडकं, ओले कपडे परत आणायला प्लॅस्टिकची पिशवी, बसायला जुनी चादर, मुलीला बस लागते म्हणून लिंबू, आणि सुट्टे पैसे.

एवढं होईपर्यंत नवरा दाढी-अंघोळ करून पेपर वाचत बसला होता. दोनदा दारात येऊन म्हणाला, ‘झालं का गं तुमचं? उशीर होतोय.’

माझा नवरा वाईट माणूस नव्हता. युनियनचं काम करायचा. हात कधी उगारला नाही. रविवारी मुलांना फिरायला नेणारा बाप म्हणून चाळीत त्याचं कौतुक होतं. मुलांना त्यानं खरोखर वाघाची माहिती सांगितली. पण त्याच वेळी मी झाडाखाली चादर पसरून ओला लंगोट बदलत होते, भातावरच्या माश्या हाकत होते, आणि पिशवी सोडून वाघाकडे जायची सोय नव्हती. वाघ मी त्या दिवशी पाहिलाच नाही. माझ्या मुलीनं जे दिसलं ते लिहिलं. मुलं खोटं लिहीत नाहीत. बापाच्या नावापुढे तिनं तीन क्रियापदं लिहिली आहेत: बसवले, सांगितली, घेतली. आईच्या नावापुढे एकच: बसली होती. पहाटे पाचपासून उभी असलेली बाई निबंधात बसलेली दिसते!

मैत्रिणींनो, माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. ज्याला आपण घरातल्या सगळ्यांची सुट्टी म्हणतो, ती बहुतेक घरांत बाईच्या कामाची दुसरी पाळी असते. फक्त जागा बदलते. ही गोष्ट जोवर आपण मोठ्यानं म्हणत नाही, तोवर ती कामातही धरली जात नाही आणि विश्रांतीतही.

आकड्यांशिवाय पटत नाही म्हणणाऱ्यांसाठी आकडे सांगते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर पाहणी केली, माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची. सहा वर्षांवरच्या शंभर बायका-मुलींपैकी ८१ जणी घरचं बिनपैशाचं काम करत होत्या. शंभर पुरुषांपैकी २६. जे करतात त्यांच्यात बाईची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं, पुरुषाची ९७. मुलं, म्हातारे, आजारी यांची काळजी घेण्याचा हिशेब वेगळा: बाई १३४ मिनिटं, पुरुष ७६. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली. बाईच्या घरकामाची २९९ मिनिटं २८९ वर आली. पाच वर्षांत दहा मिनिटं! या वेगानं जायचं तर माझ्या नातीलाही पिशवीजवळच बसावं लागेल.

पण त्या पाहणीतही एक गोष्ट सापडणं कठीण आहे, ती म्हणजे लक्षात ठेवण्याचं काम. लिंबू घ्यायचं हे कोणाच्या लक्षात होतं? दीड वर्षाचं मूल दोन तासांनी भूक भूक करेल हे कोणाच्या डोक्यात होतं? हे काम हातानं होत नाही, म्हणून ते कोणाला दिसत नाही, पण आपण झोपेतही ते करत असतो.

आता माझ्या घरातून वस्तीत येऊ या.

१९९६ च्या उन्हाळ्यात आम्ही वस्तीतल्या बैठकीत एक साधा खेळ घेतला होता. प्रत्येकीनं सांगायचं, मुलांना घेऊन शेवटचं कधी फिरायला गेलात? आधी कोणी बोलेना. मग एकजण म्हणाली, ‘फिरायला म्हणजे डोस पाजायला नेलं होतं ते?’ दुसरी म्हणाली, ‘जेजुरीला गेलो होतो, जागरण-गोंधळाचा नवस होता.’ तिसरी म्हणाली, ‘माहेरी गेले होते, वडील वारले तेव्हा.’ एक भाजी विकणारी मैत्रीण म्हणाली, ‘मी रोजच पोराला घेऊन बाहेर असते की, पाटीशेजारी बांधून.’ सगळ्याजणी हसल्या. हसता हसता गप्प झाल्या. बावीस बायकांत एकीलाही कामाशिवाय, नवसाशिवाय, आजाराशिवाय किंवा मयताशिवाय मुलांबरोबर बाहेर पडल्याचं आठवेना.

तेव्हा ठरलं की आपणच जायचं. बायका आणि मुलं. वर्गणी काढली. एका रविवारी वीस-पंचवीस बायका आणि तीसेक पोरं अशी आमची वरात शहरातल्या एका बागेत निघाली. त्या दिवशी जे शिकलो ते दहा शिबिरांत शिकलो नव्हतो.

पहिली गोष्ट, घरातून निघतानाची. तीन जणींना ऐन वेळी नवऱ्यांनी अडवलं. कामाला जाताना अडवत नाहीत, पाणी भरायला जाताना अडवत नाहीत. ‘बागेत कशाला? कोणाला भेटायला?’ एकीची सासू मात्र म्हणाली, ‘थांब गं, मी पण येते, माझं काय राहिलंय बघायचं.’ आणि आजी सगळ्यांच्या पुढे बसमध्ये!

दुसरी गोष्ट बसची. कडेवर एक, हाताला एक, खांद्यावर पिशवी, आणि बसची पायरी गुडघ्याएवढी उंच. ती पायरी कोणाच्या पायाच्या मापानं केली असेल? मोकळ्या हातानं चढणाऱ्या धडधाकट पुरुषाच्या. बस बनवणाऱ्यांच्या डोळ्यापुढे मूल घेतलेली बाई नव्हतीच. पुढच्या काळात खालच्या पायरीच्या बसेस आल्या, त्या अपंग व्यक्तींच्या संघटना भांडल्या म्हणून आल्या. त्यांचं भांडण आपलंही होतं हे आपल्याला उशिरा कळलं.

तिसरी गोष्ट संडासाची. तीस पोरं आणि वीस बायका, आणि बागेत बायकांच्या मुतारीला कुलूप. किल्ली कोणाकडे? माळ्याकडे. माळी कुठे? जेवायला. पोरांना झाडामागे बसवलं. बायका दिवसभर तशाच राहिल्या, पाणी न पिता. उन्हाळ्यात! अंगावर पाजणाऱ्या दोघी होत्या, त्यांनीही पाणी तोडलं. याला आपण ‘सवय’ म्हणतो. मुंबईत २०११ पासून बऱ्याच संस्था-संघटनांनी मिळून ‘राइट टू पी’ नावाची मोहीम चालवली, पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे हा अन्याय चव्हाट्यावर आणला. नाव ऐकून तेव्हा पुष्कळ लोक हसले. ज्यांना कधी पाणी तोडावं लागलं नाही तेच हसले.

चौथी गोष्ट झोपाळ्याची. ती मी विसरू शकत नाही. दुपार उतरली होती, मुलं घसरगुंडीवर होती. दोन झोपाळे रिकामे. आमच्यातली ती आजी हळूच एका झोपाळ्यावर जाऊन बसली. तिचं पाहून दुसऱ्यावर तिची सून बसली. लाजत, पदर सावरत, आधी पायानं जरासं ढकलत, मग जोरात. चेहऱ्यावर काय हसू होतं! दोनच मिनिटं. लगेच रखवालदाराची शिट्टी. ‘ए बाई, उतरा, पाटी वाचता येत नाही का? बारा वर्षांखालच्या मुलांसाठी आहे.’ सून चटकन उतरली. आजी बसूनच राहिली. म्हणाली, ‘बाबा, माझं लगीन बाराव्या वर्षी झालं. माझे झोके राहिलेत.’

रखवालदाराचं काय चुकलं? झोपाळा लहान मुलांच्या वजनाचाच होता. पण मैत्रिणींनो, बागेत पुरुषांना पत्ते खेळायला कट्टा असतो, तरुणांना कसरतीचे बार असतात, मुलांना खेळणी असतात. चाळीस वर्षांच्या बाईनं बागेत काय करायचं? तिनं बाकावर बसून दुसऱ्यांचं खेळणं बघायचं आणि पिशवी सांभाळायची, एवढीच तिची जागा धरलेली असते.

आपल्याकडे हिरकणीची आख्यायिका आहे. रायगडावर दूध घालायला गेलेली, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून कडा उतरून गेली. तिच्या नावाचा बुरूज आहे. आता स्तनदा मातांसाठी बस स्थानकांत, कचेऱ्यांत जे कक्ष केलेत त्यांनाही तिचंच नाव आहे. चांगली गोष्ट आहे. (अशा एका कक्षात मी जुन्या फायलींचे गठ्ठे रचलेले पाहिले, ते सोडा.) पण आपण लहानपणापासून ही गोष्ट ऐकताना एक प्रश्न विचारत नाही. आईनं कडा उतरायचा, हे शौर्य. दरवाजा मात्र उघडायचा नाही, तो नियम. आईच्या धाडसाचं कौतुक करण्यापेक्षा दरवाजा उघडणं स्वस्त पडलं असतं. कडा उतरावाच लागू नये अशी व्यवस्था मागणं, हे आपलं काम आहे.

आता बापांविषयी सांगते, कारण बापांना बाजूला ठेवून हा प्रश्न सुटणार नाही.

काही वर्षांपूर्वी गटानं उलटा प्रयोग केला. ‘बाबांचा रविवार’ असं आम्हीच गमतीनं नाव दिलं. अट एकच: आया घरी राहतील, पिशवी बापानं भरायची, आणि निघाल्यापासून परत येईपर्यंत आईला फोन करायचा नाही. पंचवीस जणांनी हो म्हटलं, अकरा जण आले. त्यांतल्या चौघांच्या पिशव्या बायकांनीच भरून दिल्या होत्या, हे नंतर उघड झालं. एकानं मुलाला बूट घातले ते मागच्या वर्षीचे, पोरगं दिवसभर लंगडलं. दोन वर्षांच्या मुलीच्या एका बापानं पाणी आणलं, खाऊ आणला, पण जास्तीची चड्डी आणली नाही. शेवटी स्वतःचा बनियन काढून तिला गुंडाळलं. तो बाबा आमच्या पुढच्या बैठकीत उभं राहून म्हणाला, ‘मला वाटायचं ही उगाच एवढं सामान घेते.’ या एका वाक्यासाठी तो रविवार सार्थकी लागला.

आणखी एक गोष्ट त्या बापांनीच आम्हाला शिकवली. एकाच्या चार वर्षांच्या मुलीला शू लागली. पुरुषांच्या मुतारीत तिला न्यायला त्याला नको वाटलं, बायकांच्या बाजूला त्याला जाता येईना. अनोळखी बाईला विनंती करायला तो घाबरला. मुलीची चड्डी ओली झाली आणि दोघंही रडवेले झाले. आम्ही इतकी वर्षं म्हणत होतो, बापानं मुलं सांभाळावीत. पण बापानं मूल सांभाळायचं ठरवलं तर त्याच्यासाठी शहरात जागाच केलेली नाही. लंगोट बदलायचा ओटा असलाच तर तो बायकांच्या संडासात. म्हणजे आईचं काम आईकडेच राहील, याची सोय शहराच्या भिंतींतच करून ठेवली आहे.

आणि घरी राहिलेल्या आया? त्यांनी त्या दिवशी काय केलं, हेही आम्ही विचारलं. एक झोपली, तीन तास. एकीनं गोधड्या धुतल्या. एक सिनेमाला गेली आणि मध्यंतरात घरी परत आली, कारण मन लागेना. एकजण म्हणाली, ‘मी नुसती खिडकीत बसले. मला काय आवडतं ते आठवायचा प्रयत्न करत होते.’ हे ऐकून कोणी हसलं नाही.

मैत्रिणींनो, इथं थांबून आपण आपल्याकडेही बघायला हवं. ‘आपण बायका’ म्हणताना आपण सगळ्या एकाच झाडाखाली बसलेलो नसतो. घरकाम करणाऱ्या आमच्या एका मैत्रिणीला मी म्हटलं, रविवारी ये की मुलांना घेऊन. ती म्हणाली, ‘ताई, रविवारीच तर त्यांच्याकडे पाहुणे असतात. रविवारी जास्त भांडी.’ एकीच्या रविवारच्या सहलीची किंमत दुसरीचा रविवार असतो. हॉटेलात आई-बाप जेवताहेत आणि दहा-पंधरा वर्षांची मुलगी शेजारी उभी राहून त्यांचं बाळ खेळवतेय, हे दृश्य तुम्ही पाहिलं नाही का? ती मुलगीही कोणाचं तरी मूलच आहे. एका मोठ्या हॉटेलात तर अशा मुलीला आत बसू देत नाहीत म्हणून ती पायरीवर बसलेली मी पाहिली. पिशवी तिच्याच जवळ होती.

एकट्या बायकांचं आणखी वेगळं. नवऱ्यानं टाकलेली, विधवा, लग्न न करता मूल वाढवणारी. बागेत, जत्रेत मुलाला घेऊन गेली की पहिला प्रश्न, ‘मिस्टर नाही आले?’ आमची एक परित्यक्ता मैत्रीण म्हणते, ‘मला पिशवीजवळ बसायला तरी कुठं मिळतं? मलाच पिशवी, मलाच मूल, आणि मलाच वाघ दाखवायचा.’ पण तीच पुढे म्हणते, ‘मात्र वाघ मी पाहिला!’ आणि ज्या आईचं मूल अपंग आहे, ती तर पुष्कळदा घराबाहेरच पडत नाही. पायऱ्या आहेत म्हणून, आणि लोक बघतात म्हणूनही.

एक मुद्दा सांगून मागण्यांकडे येते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं मुंबईतल्या बायकांच्या फिरण्यावरचं ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक २०११ साली आलं. त्यांनी दाखवलं की बाई बाहेर दिसली तर तिच्याकडे काहीतरी कारण लागतं. हातात पिशवी, कानाला फोन, चालण्यात घाई. पुरुष नाक्यावर नुसता उभा राहू शकतो. मी यात एवढंच घालीन की लहान मूल हे बाईचं सगळ्यांत खात्रीचं तिकीट आहे. कडेवर मूल असलं की बागेत बसलेल्या बाईला कोणी ‘इथं काय करतेस’ विचारत नाही. म्हणून पुष्कळ बायकांना मुलं लहान असतानाची वर्षं दमवणारी असूनही मोकळी वाटतात. मुलं मोठी झाली की बागेत जाणं थांबतं. तिकीट संपलं! पन्नाशीची बाई संध्याकाळी बाकावर एकटी, काही न करता बसली आहे, असं तुम्ही शेवटचं कधी पाहिलं?

हे मागणं फार झालं असं कोणी म्हणेल. फार नाही. मुलांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात ३१ वं कलम खेळण्याच्या आणि विश्रांतीच्या हक्काचं आहे. भारतानं तो १९९२ साली मान्य केला. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्याच्या करारात, ज्याला आपण ‘सीडॉ’ म्हणतो, १३ व्या कलमात करमणूक, खेळ आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा बाईचा समान हक्क लिहिलेला आहे. त्यावर १९९३ साली भारतानं मान्यतेची मोहोर उठवली. म्हणजे वाघ बघणं हा माझ्या मुलीचा हक्क होता आणि माझाही. आपल्याला तो कोणी सांगितला नाही, एवढंच.

काही दारं उघडली आहेत, तीही सांगायला हवीत. मार्च २०२३ पासून राज्यात एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. आमच्या वस्तीतल्या बायका पोरं घेऊन आळंदीला, जेजुरीला, माहेरी जास्त वेळा जाऊ लागल्या. ‘पैसे कुठनं आणू’ हे नवऱ्याला विचारायची गरज कमी झाली की पाय किती मोकळे होतात, ते त्या बसमध्ये बसल्यावर दिसतं.

आता मागण्या. त्या दोन ठिकाणी करायच्या आहेत.

पहिल्या महापालिकेकडे, नगरपालिकेकडे, ग्रामपंचायतीकडे. प्रत्येक बागेत, बस स्थानकात, बाजारात बायकांचं स्वच्छतागृह हवं. ते उघडं हवं, पाणी असलेलं हवं आणि फुकट हवं. लंगोट बदलायची जागा आई आणि बाप दोघांनाही वापरता येईल अशी हवी. पाजायला आडोसा हवा, पण उघड्यावर पाजणारीकडे कोणी डोळे वटारू नयेत हेही हवं. बागा दुपारी बंद ठेवू नयेत, कारण कामाला जाणाऱ्या कितीतरी बायकांना मोकळा वेळ असतो तो दुपारचाच. बाबागाडी आणि चाकाची खुर्ची जाईल असे पदपथ हवेत. आणि दोन झोपाळे मोठ्या माणसांच्या वजनाचे! हसू नका. मागणीपत्रात हे कलम त्या आजीच्या नावानं आम्ही दर वेळी घालतो. दर वेळी साहेब हसतात. दर वेळी आम्ही पुन्हा घालतो.

दुसऱ्या मागण्या घरात करायच्या, आणि त्या जास्त कठीण आहेत. पिशवी उचलणं म्हणजे पिशवी भरणं नव्हे, हे घरात सांगायचं. माझी मुलगी आता स्वतः आई आहे. मागच्या वर्षी आम्ही सगळे तिच्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन कात्रजला गेलो. जावयानं सॅक खांद्यावर घेतली, मुलाला शू करवून आणलं, भरवलं. माझा जीव सुखावला. मग मुलानं मध्येच विचारलं, ‘माझी निळी टोपी कुठंय?’ जावयानं बायकोकडे पाहिलं. ती न बघता म्हणाली, ‘बाजूच्या कप्प्यात.’ म्हणजे पिशवी खांद्यावर त्याच्या होती, पण ती अजून हिच्याच डोक्यात होती. तीस वर्षांत आपण पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर नेली. आता ती डोक्यातून उतरवायची आहे.

त्याच दिवशी मी वाघाच्या कठड्यापाशी जरा जास्त वेळ उभी राहिले. वाघ झोपला होता. नातू म्हणाला, ‘आजी चल, तो काहीच करत नाहीये.’ मी म्हटलं, ‘असू दे, मला बघायचंय.’

एक काम देऊन थांबते. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं मागच्या एका रविवारचा हिशेब लिहून आणा. कोण किती वाजता उठलं, कोणी काय भरलं, कोणाच्या काय लक्षात राहिलं, कोणी काय पाहिलं. लिहिता येत नसेल तर मुलांना सांगा, ती लिहून देतील. त्यांनी काय लिहिलं ते मात्र नीट वाचा, किंवा वाचून घ्या. आपण कुठे बसलो होतो, ते त्यांना बरोबर दिसतं.